हुक्केरी अक्कांचं दार

आमच्या कारखान्यात हुक्केरी अक्कांच्या केबिनमध्ये काम निघालं की माणूस आधी घड्याळ बघायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा. काम एका सहीचं का असेना, आत गेलेला माणूस लवकर बाहेर यायचा नाही. दारात पाऊल टाकलं की अक्का मान वर न करता म्हणायच्या, "दार लाव आधी." दार लावलं की, "बस की राजा." आपण बसलो की टेबलाखालून स्टीलचा भलामोठा फ्लास्क निघायचा आणि फुलपात्र भरून वाफाळता कषाय पुढ्यात यायचा. कषाय म्हणजे धने, जिरे, सुंठ, मिरी कुटून दूधगुळात उकळलेला काढा. अर्धं बंगळूर तो आवडीनं पितं. मी उरलेल्या अर्ध्यातली.

मी पुण्याहून लग्न करून इथे आले आणि या सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात लागले. मोठमोठ्या क्रेनचे ब्रेक आम्ही बनवतो. अक्का दक्षता विभागाच्या प्रमुख, म्हणजे कारखान्यात कुणी गैरप्रकार करत असेल तर त्याची तक्रार घ्यायची आणि चौकशी करायची, हे त्यांचं काम. शिवाय पासपोर्ट काढायचा असला तरी त्यांच्या विभागाचा दाखला लागे. त्या दाखल्यासाठी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. सही झाली एका क्षणात. मग फुलपात्र संपेपर्यंत माझ्या सासूबाईंचे गुडघे, पुण्यातले पेरू आणि मी भाताला कुकरच्या किती शिट्ट्या देते, यावर सविस्तर चर्चा झाली. दार बंद. बाहेर माझ्यामागून आलेले तिघेजण ताटकळत उभे. मी बाहेर आले तेव्हा त्यातला एकजण माझी कीव येऊन म्हणाला, "इंजेक्शन झालं का?" कारखान्यात त्या काढ्याला इंजेक्शनच म्हणत.

बुटकी, भरल्या अंगाची मूर्ती. नेसायला इरकली लुगडं नाहीतर जाड सुती साडी, आणि साडीखाली पायात वर्कशॉपमध्ये घालतात ते लोखंडी टोकाचे काळे बूट. कार्यालयातसुद्धा तेच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कधी कुठं जायला लागेल सांगता येत नाही राजा." त्या निपाणीच्या. त्यांच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. अक्काही तसंच बोलायच्या आणि त्यात मधूनच एखादा कानडी 'स्वल्प' नाहीतर 'सरी', म्हणजे 'थोडं' नाहीतर 'बरं', पेरायच्या. पहिले काही महिने मला त्याचं फार हसू यायचं. आता माझ्याच तोंडून कधीतरी 'मी जातो' निघतं आणि नवरा चमकून बघतो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे नावं. अक्का कुणालाही नावानं हाक मारत नसत. शिपाई राजा, इंजिनियर राजा, कॅन्टीनमधली सरोजम्मा राजा आणि आमचे मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे सर्वेसर्वा, तेही तोंडावर साहेब आणि पाठ फिरली की राजाच. बहुतेकांना वाटे की बाईंना नावं लक्षात राहत नाहीत. काहींना वाटे, मुद्दाम करतात, स्वतःला फार मोठ्या समजतात. मी बरीच वर्षं पहिल्या पक्षात होते.

चामराजपेटमध्ये आमचं मराठी मंडळ आहे. तिथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी एकदा अक्कांना घेरलं आणि उखाण्याचा आग्रह धरला. अक्कांनी झकास सुरुवात केली. निपाणीचा बाजार आला, घटप्रभेचं पाणी आलं, सासरची कौलं आली, यमकं तर अशी की बायका वाहवा करायला लागल्या. आणि नाव यायच्या जागी अक्कांनी समोरचा तिळगूळ उचलून तोंडात टाकला. बायका ओरडल्या, नाव कुठंय? अक्का चावता चावता म्हणाल्या, "ते सोडून काहीपण विचारा." पलीकडे खुर्च्या मांडत असलेले हुक्केरी सर, म्हणजे त्यांचे यजमान, इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते कॉलेजात भूगोल शिकवत असत. मला म्हणाले, "अहो, घरातपण मी राजाच आहे. राज्य मात्र तिचं."

नवीन भरती झाली की अक्कांचं एक व्याख्यान असे. कामाच्या ठिकाणी चुकीचं काही दिसलं तर कुठे सांगायचं, कसं सांगायचं, हा विषय. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या व्याख्यानाला पोरं पेंगत, अक्कांच्या व्याख्यानाला जागी असत. कारण त्या खरं बोलत. सांगणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर होऊन किती वर्षं झाली, पण तो लागू व्हायची तारीख काही निघत नाही, हे त्या सरळ सांगत. "लग्न ठरलंय, मुहूर्त निघेना," असं म्हणून पोरांना हसवत. मग सांगत की सरकारचा ठराव मात्र आहे, तक्रार बंद पाकिटात द्या, नाव लिहा, निनावी देऊ नका, तुमचं नाव गुप्त ठेवायचं काम आमचं. मागून एखादा धीट पोरगा विचारी, गुप्त म्हणजे किती गुप्त? अक्का त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "माझ्याकडं ये एकदा. कषाय पाजतो."

एका रविवारी त्यांच्या घरी गेले होते. चामराजपेटच्या त्या अरुंद गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर यांचं घर. अक्का आठवड्याच्या काढ्यासाठी धने भाजत होत्या, घरभर वास सुटला होता. मी लाडात येऊन म्हटलं, "अक्का, हा छळ कशासाठी? सही द्यायची आणि माणसाला सोडायचं. दार लावायचं, बसवून ठेवायचं, लोक वैतागतात हो."

अक्कांनी गॅस बंद केला. मला वाटलं, रागावल्या. पण त्या पाटावर बसल्या आणि मला पहिल्यांदा शिवण्णाची गोष्ट सांगितली.

मी नोकरीला लागायच्या आधीचं हे. अक्का तेव्हा दक्षता विभागात नव्या होत्या. शिवण्णा पेंटशॉपमध्ये कामाला होता. तिथले धूर बाहेर ओढणारे पंखे बंद पडले होते आणि कागदोपत्री ते चालू होते. तपासणीचे दाखले दर वेळी मिळत होते आणि माणसं रंगाचा धूर छातीत घेत होती. शिवण्णानं नियमाप्रमाणे बंद पाकिटात, स्वतःच्या नावानं तक्रार दिली. अक्कांना हुरूप आला. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि तासभर बसून सगळं नीट विचारून घेतलं. तेव्हा त्यांची केबिन एरवी सताड उघडी असायची. कोण आला, कोण गेला, काय बोलला, सगळं सगळ्यांना दिसायचं.

"त्या दिवशी एकट्यासाठी दार लागलं," अक्का म्हणाल्या. "नाव मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही. दारानं सांगितलं."

शिवण्णा तेव्हा चामराजपेटलाच राहायचा, अक्कांच्याच कंपनीच्या बसनं जायचा-यायचा. त्या संध्याकाळी तो नेहमीच्या खिडकीशी बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. लोक उभे राहिले, पण तिथे बसले नाहीत. पेंटशॉपच्या साहेबांचा माणूस बसमध्ये होता, त्याच्या डोळ्यांवर कुणाला यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग शिवण्णाला आवारात भंगार सांभाळायला टाकलं, तिथून लांबच्या साइटवर पाठवलं. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी त्यानं राजीनामा दिला आणि देवनहळ्ळीजवळ आपल्या गावी निघून गेला.

"पंखे सुरू झाले?" मी विचारलं.

"झाले की. आजपण चालू आहेत." अक्का म्हणाल्या, "त्या बसमध्ये मी पण होतो, राजा. मी पण त्याच्याजवळ बसलो नाही. वाटलं, मी बसलो तर लोकांची खात्री पटेल. त्याला वाचवायला म्हणून लांब राहिलो, आणि ते लांब राहणं पण लोकांनी बघितलं."

तेव्हापासून दार सगळ्यांसाठी लागायला लागलं. सहीला आलेला, दाखल्याला आलेला, बल्ब बदलायला आलेला, झाडांना पाणी घालणारा, जो येईल त्याला दार लावून बसवायचं आणि फुलपात्रभर काढा पाजायचा. म्हणजे खरंच कुणी काही सांगायला आला, तर तो त्या गर्दीतलाच एक. आणि तोंडात नावच बसू द्यायचं नाही, म्हणजे ते कधी चुकून निसटणार नाही. मला धन्याच्या त्या वासात एकदम सगळं उमगलं. सगळा कारखाना या बाईला चोंबडी म्हणत होता, आणि ही बाई सगळ्या कारखान्याला काढा पाजून कुणा एकाला लपवत होती. तो एकजण आलेला असो वा नसो.

आणि मग तो एकजण आला.

क्रेनचा ब्रेक बाहेर जाण्याआधी त्याची तापून चाचणी घ्यावी लागते. पूर्ण पाळीभर तो चालवायचा, तापू द्यायचा आणि तापल्यावरही तो वजन धरून ठेवतो का, ते बघायचं. तापल्यावर ब्रेक सुटला तर वरचं वजन खाली येतं, आणि खाली माणसं असतात. माल पाठवायची घाई होती, वरून दट्ट्या होता. कुणीतरी ब्रेक थोडाच वेळ चालवून पूर्ण चाचणीचा दाखला देत होतं. आणि दुसऱ्या कुणीतरी ते अक्कांना सांगितलं. कुणी, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही.

अक्कांनी लोखंडी बूट वाजवत थेट गोदाम गाठलं आणि भरलेला ट्रक फाटकात थांबवला. ब्रेक उतरवले, पुन्हा पूर्ण चाचणी लावली. काही ब्रेक तापल्यावर सुटले. ट्रक गेला असता तर काय झालं असतं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

मोठे साहेब भडकले. बाहेर कौतुक करावंच लागलं, पण आत त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नाव. ब्रेकच्या रेखाटनाबद्दल विचारायचं म्हणून मला त्यांच्या खोलीत बोलावलं होतं, म्हणून पुढचं माझ्या समोर घडलं. साहेबांनी गोड सुरात सुरुवात केली. एवढं धाडस केलेल्या माणसाचा आपण सत्कार केला पाहिजे, नाव तेवढं कळू द्या. अक्का म्हणाल्या, माझाच करा, शाल मला चालेल. साहेबांचा गोडवा तिथेच आटला. त्यांनी फाइल बाजूला सारली आणि सरळ विचारलं, नाव काय?

"नाव आठवत नाही, साहेब."

"आठवत नाही म्हणजे?"

"मला कुणाचंच नाव आठवत नाही. कुणालापण विचारा."

मी रेखाटनात तोंड खुपसलं, नाहीतर हसू फुटलं असतं. साहेब मात्र हसले नाहीत. अक्कांची बढती येऊ घातली होती, शेवटचीच, आणि तिच्या कागदावर सही साहेबांची होती. ते त्यांनी शब्दांत सांगितलं नाही, पण सांगायचं बाकीही ठेवलं नाही. वर हेही म्हणाले की ज्या कायद्याचा तुम्ही एवढा बाऊ करता तो अजून लागूच नाही.

अक्का उठून उभ्या राहिल्या. आवाज तोच, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करणारा. "होय, कायदा लागू नाही. ठराव आहे, नियम आहे, पण कायदा लागू व्हायचाय. तो होईल तेव्हा होईल, साहेब. तोवर मी लागू आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अभिमान मला स्वतःच्या कुठल्या कामाचाही वाटलेला नाही. त्या खोलीत मी एक किरकोळ इंजिनियर होते, रेखाटनाची गुंडाळी हातात धरून उभी. पण वाटलं, मी या बाईच्या कारखान्यात काम करते.

साहेब हरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याला कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायला बसवलं. अक्कांच्या केबिनमध्ये दार लावून कोण कोण बसलं, ते शोधा. सुरक्षा अधिकारी सैन्यातून आलेले, हुकूम म्हणजे हुकूम. बसले बिचारे डोळे फाडून. शिपाई गेला, दार लागलं. माळी गेला, दार लागलं. युनियनचा सेक्रेटरी गेला. चाचणी विभागातले झाडून सगळे गेले, पण मग हिशेब विभागातलेही झाडून सगळे गेले. मी तर त्या महिन्यात कितीदा दिसले कोण जाणे. स्वतः सुरक्षा अधिकारी त्यात होते. आणि एका सकाळी, गळ्याला मफलर गुंडाळून, सर्दी झाली म्हणून खास काढा प्यायला गेलेले मोठे साहेबही होते. दार लावून.

मग आम्हा एकेकाला बोलावून विचारलं, आत काय केलंत? मी खरं ते सांगितलं, काढा प्यायले. माळ्यानं सांगितलं, "कषाय कुडिदे, सार." सरोजम्मानं तेच सांगितलं, सेक्रेटरीनंही तेच. सगळा कारखाना एका सुरात काढा प्यायल्याचं सांगत होता, आणि सांगता सांगता एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत होता. त्यानंतर कुणी त्याला इंजेक्शन म्हटलं नाही. लोक आपणहून जायला लागले. काम नसतानाही दार लावून बसायचे, फुलपात्र धुऊन ठेवूनच बाहेर यायचे. दोन फ्लास्क लागायला लागले. मीसुद्धा तो काढा नाक न मुरडता प्यायला शिकले.

नाव फुटलं नाही. अक्कांची बढती मात्र आली नाही. त्या जिथे होत्या तिथूनच निवृत्त झाल्या. कुणी हळहळलं तर म्हणत, "मोठी केबिन घेऊन काय करू? तिचं दार जड असतं."

निरोप समारंभ कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाला. चंदनाचा हार, डोक्यावर जरीची पगडी, म्हणजे म्हैसूर पेटा, सगळं साग्रसंगीत. पहिल्या रांगेत हुक्केरी सरांच्या शेजारी एक पांढऱ्या केसांचे, धुवट शर्टातले गृहस्थ मांडीवर पिशवी धरून बसले होते. तरुणांपैकी त्यांना कुणी ओळखत नव्हतं. जुनी दोन-चार माणसं मात्र त्यांच्याकडे बघून खाली बघत होती.

अक्का बोलायला उभ्या राहिल्या. भाषण कानडीत झालं, आणि थोडकंच झालं. म्हणाल्या की मी इथे कुणाचं नाव घेतलं नाही, तुम्हाला राग आला असेल, माफ करा. ज्यांची नावं माझ्याकडे आहेत ती माझ्याबरोबर जातील. "पण आज एक नाव घेते. हे फुटलं ते माझ्या चुकीमुळे फुटलं, म्हणून ते चांगल्या कामासाठी पुन्हा एकदा मोठ्यानं घेणं माझ्याकडे लागतं." आणि त्यांनी त्या गृहस्थांना हाताला धरून उभं केलं. "हा शिवण्णा. पेंटशॉपमधले पंखे यानं सुरू करायला लावले."

पहिल्यांदा कुणालाच काही कळेना. मग मागच्या बाजूला, जिथे पेंटशॉपची माणसं बसतात, तिथे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. ते सगळे उभे राहिले होते. त्यांच्यामागून सगळा हॉल उभा राहिला. शिवण्णा पिशवी छातीशी धरून उभे होते, त्यांना हात जोडायचंही सुचत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

नंतर सगळे रांगेनं अक्कांना भेटायला आले. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ब्रेकची तक्रार करणारा या रांगेत असणारच, अक्कांचा हात कुणाच्या तरी हातात जरा जास्त रेंगाळेल, नजर कुठेतरी अडेल. पण छे. सगळ्यांच्या खांद्यावर तीच एक थाप आणि तेच एक "बरं आहे राजा." माझ्या खांद्यावरही तीच. मी नाद सोडला.

शेवटच्या दिवशी निवृत्त माणसाला घरी सोडायला कंपनीची गाडी असते. ती फुलं लावून तयार होती. अक्कांनी तिच्यात हुक्केरी सरांना आणि हारतुऱ्यांना बसवून दिलं आणि स्वतः शिवण्णांना घेऊन चामराजपेटच्या बसकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "त्याच्या शेजारी बसायचं राहिलंय माझं. आज बसतो." डोक्यावर पेटा तसाच होता.

माझी बस वेगळी. मी खाली उभी राहून बघत होते. शिवण्णा आधी चढले आणि त्यांच्या त्या जुन्या खिडकीशी जाऊन बसले. अक्का पायरीवर कुणाशी तरी बोलत थांबल्या होत्या. तेवढ्यात पेंटशॉपचा एक माणूस, नखांत पिवळा रंग भरलेला, आला आणि शिवण्णांच्या शेजारी बसला. मागच्या बाकावर दोघं सरकून तिघं झाले. पुढच्या बाकावरचे मागे तोंड करून बसले. शिवण्णांनी पिशवी उघडली, आत देवनहळ्ळीची पपनसं होती. एक सोलून त्याच्या फोडी हातोहात फिरायला लागल्या.

अक्का आत चढल्या आणि मधल्या वाटेत थांबल्या. त्या बाकापर्यंत त्यांना पोचताच येईना, बसमध्ये एकही जागा रिकामी नव्हती. दोघं-तिघं उठायला लागले, तर अक्कांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. बस हलली. एका हातानं वरचा दांडा धरून, दुसऱ्या हातात पपनसाची फोड घेऊन, पेटा सावरत अक्का उभ्या होत्या, आणि हसत होत्या.